लाइव्ह कीज टाकल्या, पैसे कापले जातात, पण ऑर्डर ‘प्रलंबित’च: प्लगिनमध्ये पेमेंट गेटवे नीट कसा जोडायचा

प्रश्न थोडक्यात असा: वर्डप्रेसवर वूकॉमर्सचं दुकान आहे, स्ट्राइप या पेमेंट सेवेच्या कीज (साइटची ओळख पटवणारी गुप्त अक्षरं) प्लगिनमध्ये टाकल्या आहेत. टेस्ट मोडमध्ये सगळं सुरळीत चाललं. लाइव्ह केल्यापासून बऱ्याच ऑर्डर्स नीट होतात, पण काहींच्या बाबतीत ग्राहकाचे पैसे कापले जाऊनही ऑर्डर ‘पेमेंट प्रलंबित’वर अडकते आणि तासाभराने आपोआप रद्द होते. कीज चुकल्या आहेत का? कुठली की कुठे टाकायची आणि त्या ठेवायच्या कशा?

पैसे कापले जात आहेत म्हणजे एपीआय कीज बरोबर आहेत. सीक्रेट की चुकीची असती तर एकही पेमेंट झालं नसतं, पहिल्याच विनंतीला स्ट्राइपने ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ हा कोड, तोंडावर मारला असता. तेव्हा त्या कीज पुन्हापुन्हा पुसून टाकत बसू नका. तुमचं दुखणं वेबहुकचं आहे, म्हणजे ‘पैसे मिळाले’ असा जो निरोप स्ट्राइप आपणहून तुमच्या साइटच्या ठरलेल्या पत्त्यावर पाठवतं त्याचं. एकतर लाइव्ह मोडमध्ये वेबहुक नोंदवलेलाच नाही, किंवा नोंदवलाय पण प्लगिनमध्ये त्याचं साइनिंग सीक्रेट (निरोप खरा आहे का हे तपासायची गुप्त अक्षरं) टेस्टचंच राहिलंय, किंवा सगळं बरोबर असून तुमच्याच सर्व्हरने त्याला दारात अडवलंय.

काहीच ऑर्डर्स का अडकतात, हेही यातून उलगडतं. साध्या कार्ड पेमेंटमध्ये ग्राहक पैसे भरून तुमच्या ‘धन्यवाद’ पानावर परत येतो, आणि तो येतो तेव्हाच प्लगिन स्ट्राइपला विचारून ऑर्डर पुढे सरकवतं. वेबहुक बंद असला तरी या वाटेने काम भागतं. पण ग्राहक बँकेच्या पडताळणीच्या पानावर गेला, ओटीपी टाकला आणि तिथूनच टॅब बंद केला, किंवा मोबाइलचं नेटवर्क गेलं, तर तो परत येत नाही. मग ‘पैसे मिळाले’ हे तुमच्या साइटला सांगणारा एकटा वेबहुकच उरतो. तो नसेल तर ऑर्डर प्रलंबित राहते, आणि वूकॉमर्समध्ये ‘स्टॉक राखून ठेवा’ची मुदत मुळात ६० मिनिटांची असल्याने तासाभराने ती रद्द होते. तुमचा ‘तासाभराने’ तो हाच. ही मुदत वाढवून प्रश्न सुटत नाही, फक्त उशिरा दिसतो.

आता कुठली की कशासाठी, ते पाहू. बहुतेकांच्या डोक्यात ‘दोन कीज टाकल्या की झालं’ असं चित्र असतं, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. खरं तर ओळख पटवण्याचा व्यवहार इथे दोन दिशांनी चालतो. तुमची साइट पेमेंट सेवेला सांगते, ‘मी अमुक खात्याची साइट आहे’. त्यासाठी एपीआय कीज. उलट दिशेने पेमेंट सेवा तुमच्या साइटला निरोप पाठवते, आणि तो निरोप खरंच तिचाच आहे हे साइटला तपासावं लागतं. त्यासाठी वेबहुकचं सीक्रेट. पहिली दिशा जोडली की पैसे येतात. दुसरी जोडली नाही तर पैसे आल्याचं दुकानाला कळत नाही.

स्ट्राइपमध्ये पहिल्या दिशेसाठी दोन कीज असतात. ‘पीके’ने सुरू होणारी पब्लिशेबल की ब्राउझरमध्ये जाते, पानाचा सोर्स उघडला की कुणालाही दिसते, आणि दिसली तरी बिघडत नाही. तिच्यावर पैसे परत करता येत नाहीत की ग्राहकांची यादी मिळत नाही. ‘एसके’ने सुरू होणारी सीक्रेट की मात्र सर्व्हरपुरतीच. ती ज्याच्या हाती लागेल तो रिफंड काढू शकतो, ग्राहकांचा तपशील वाचू शकतो, तुमच्या खात्यातून जवळपास काहीही करू शकतो. दुसऱ्या दिशेसाठीचं साइनिंग सीक्रेट ‘डब्ल्यूएचसेक’ या अक्षरांनी सुरू होतं. तीन रकाने, तीन वेगळे उपसर्ग. रकान्यात टाकलेली गोष्ट तिथलीच आहे का, हे पहिल्या दोन-चार अक्षरांवरूनच कळतं. कीजमध्ये ‘पीके’ किंवा ‘एसके’च्या लगेच पुढे ‘टेस्ट’ आहे की ‘लाइव्ह’, हेही तिथेच लिहिलेलं असतं. वेबहुकच्या सीक्रेटमध्ये मात्र ही खूण नसते. त्यामुळे टेस्टचं सीक्रेट लाइव्हच्या रकान्यात बसलेलं असेल तरी नुसतं बघून ओळखता येत नाही. तुमच्या तक्रारीमागचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं.

सेवा बदलली की नावं बदलतात, रचना साधारण तीच राहते. पेपालच्या आताच्या प्लगिनमध्ये क्लायंट आयडी आणि सीक्रेट अशी जोडी लागते. प्लगिन ती दाखवून थोड्या वेळापुरतं टोकन घेतं आणि पुढच्या विनंत्या त्या टोकनवर चालतात. जुन्या प्लगिनमध्ये युजरनेम, पासवर्ड आणि सिग्नेचर असे तीन रकाने दिसतात, ते पेपालच्या जुन्या एपीआयचे. क्लायंट आयडी तिथे चालणार नाही, त्यापेक्षा प्लगिनच बदलण्याचा विचार करा. वेबहुकसाठी पेपालमध्ये सीक्रेटऐवजी वेबहुकचा आयडी वापरून सही तपासली जाते. रेझरपेमध्ये की आयडी आणि की सीक्रेट अशी जोडी मिळते, पण वेबहुकचं सीक्रेट तुम्ही स्वतः ठरवायचं असतं. डॅशबोर्डमध्ये जे लिहाल तेच जसंच्या तसं प्लगिनमध्ये. अनेकजण तिथे की सीक्रेटच पुन्हा चिकटवतात. तसं करू नका. दोन्ही वेगळी असलेली बरी.

टेस्ट आणि लाइव्ह हे एकाच खात्याचे दोन कप्पे आहेत आणि एकातलं दुसऱ्यात काही दिसत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. कीज वेगळ्या, वेबहुक वेगळे, साठवलेले ग्राहक वेगळे, सबस्क्रिप्शन वेगळी. टेस्टमध्ये वेबहुक नोंदवला म्हणून तो लाइव्हमध्ये आपोआप येत नाही. पेपालमध्ये तर सँडबॉक्सचा, म्हणजे टेस्टच्या कप्प्याचा, सर्व्हरच निराळ्या पत्त्यावर आहे. सँडबॉक्सची जोडी लाइव्ह पत्त्यावर पाठवली की ‘क्लायंट अवैध’ एवढंच उत्तर येतं, आणि माणूस बरोबर असलेली जोडी दहा वेळा तपासत बसतो.

या कप्प्यांचा एक त्रास लाइव्ह झाल्यावर काही दिवसांनी वर येतो. टेस्टच्या काळात साइटवर लॉगिन करून खरेदी केलेल्या युजरच्या नोंदीत स्ट्राइपचा ग्राहक आयडी साठवलेला राहतो. तोच युजर लाइव्हमध्ये पैसे भरायला गेला की ‘असा ग्राहक नाही’ अशी चूक येते, आणि बहुतेक वेळा स्ट्राइप पुढे हेही सांगतं, की याच आयडीची नोंद टेस्ट मोडमध्ये आहे. चांगली प्लगिनं हे स्वतः निस्तरतात. तुमचं निस्तरत नसेल तर त्या युजरच्या मेटामधला, म्हणजे डेटाबेसमधल्या जोडनोंदींमधला, जुना आयडी काढून टाका. पण हे मालकाच्या स्वतःच्या युजरलाच दिसतं, कारण टेस्ट त्यानेच केलेलं असतं. आणि मग ‘गेटवे चालत नाही’ असा फोन येतो, तर तिकडे ग्राहक बिनघोर खरेदी करत असतात.

आता चिकटवण्याबद्दल. ‘कॉपी-पेस्टमध्ये काय चुकणार’ असं वाटतं, पण ४०१ ची निम्मी प्रकरणं तिथेच निघतात. पेपालचा क्लायंट आयडी लांबलचक असतो आणि त्यात मध्येच आडवी रेघ, म्हणजे हायफन, येऊ शकते. त्यावर माऊसने डबल क्लिक केलं की ब्राउझर हायफनपाशी थांबतो आणि तेवढाच तुकडा निवडतो. तुकडाही लांबच असल्याने डोळ्याला पूर्ण वाटतो. म्हणून डबल क्लिक नको, शेजारचं कॉपीचं बटण वापरा. ईमेलमधून किंवा पीडीएफमधून कॉपी केलं तर शेवटी एखादी जागा किंवा नवी ओळ चिकटून येते; काही प्लगिनं ती छाटतात, काही तशीच साठवतात.

याहून वाईट खोडी ब्राउझरची. सीक्रेटचा रकाना पासवर्डच्या प्रकारचा असतो, त्यामुळे ब्राउझरचा पासवर्ड मॅनेजर तिथे तुमच्या वर्डप्रेसचा पासवर्ड गुपचूप भरून ठेवतो. रकान्यात ठिपकेच दिसतात, तेव्हा कळायला मार्ग नाही. तुम्ही त्याच पानावर दुसरीच काहीतरी सेटिंग बदलता, ‘बदल जतन करा’ दाबता, आणि काल चालू असलेला गेटवे आज बंद. ‘आम्ही कीजला हातही लावला नाही’ असं मालक सांगतो आणि ते खरंच असतं. अशा पानासाठी ऑटोफिल बंद ठेवा, नाहीतर निराळ्या ब्राउझर प्रोफाइलमधून काम करा.

स्वतः ठरवायच्या वेबहुक सीक्रेटमध्ये आणखी एक सापळा आहे. वर्डप्रेसमध्ये साधा मजकूर साफ करायचं जे ठरलेलं फंक्शन आहे ते कोनी कंसातला मजकूर टॅग समजून उडवतं, आणि टक्क्याच्या चिन्हापुढे हेक्साडेसिमलचे दोन अंक किंवा अक्षरं आली तर तीही काढून टाकतं. पासवर्ड जनरेटरने दिलेलं, चिन्हांनी भरलेलं सीक्रेट तुम्ही दोन्हीकडे अगदी सारखं चिकटवता; डॅशबोर्डमध्ये ते पूर्ण राहतं, साइटवर मधली तीन अक्षरं गायब होतात, आणि सही कधीच जुळत नाही. उपाय सोपा आहे. नुसती अक्षरं आणि अंक घ्या, हवं तर ४० घ्या, पण चिन्हं नकोत.

जतन केल्यावर नेमकं काय साठलं हे बघायचं असेल तर डेटाबेसच्या ऑप्शन्स तक्त्यात बघा, किंवा सर्व्हरवर डब्ल्यूपी-सीएलआय हे वर्डप्रेसचं कमांड लाइनचं साधन असेल तर त्यातून गेटवेच्या सेटिंगचा ऑप्शन छापून घ्या. डॅशबोर्डमधल्या कीशी शेवटची चार अक्षरं आणि एकूण लांबी जुळवली तरी पुरते. मग त्याच सर्व्हरवरून कर्ल हे विनंत्या पाठवायचं साधन वापरून स्ट्राइपला खात्यातली शिल्लक विचारा. ही विनंती नुसती वाचणारी आहे, तिने काही बिघडत नाही. उत्तर आलं तर की ठीक आणि सर्व्हरचा बाहेर जायचा रस्ताही मोकळा. ४०१ आला तर की चूक. ४०३ म्हणजे की खरी आहे पण तिला तेवढे अधिकार नाहीत. काहीच न येता वेळ संपली तर दोष कीचा नाही, होस्टिंगवाल्याने बाहेरचे कनेक्शन अडवले आहेत. आणि पेमेंटच्या विनंतीवर ४०२ दिसला तर की, अधिकार सगळं ठीक आहे, त्या पेमेंटलाच नकार मिळालाय. बहुधा कार्ड नाकारलं गेलंय.

आता तुमच्या मूळ आजाराकडे, म्हणजे वेबहुककडे. डॅशबोर्डमध्ये डाव्या-वरच्या कुठल्याशा बटणाने टेस्ट आणि लाइव्ह बदलतं. आधी तुम्ही लाइव्हमध्ये आहात याची खात्री करा. तिथे वेबहुकच्या यादीत तुमच्या साइटचा पत्ता आहे का? नसेल तर प्लगिनच्या सेटिंगमध्ये जो वेबहुकचा पत्ता दाखवलाय तो जसाच्या तसा नोंदवा, प्लगिनच्या माहितीपत्रात दिलेले इव्हेंट निवडा, आणि तयार झालेल्या त्या नोंदीचं साइनिंग सीक्रेट प्लगिनमध्ये आणा. प्रत्येक नोंदीचं सीक्रेट वेगळं असतं. जुनी नोंद पुसून त्याच पत्त्याची नवी केली तरी सीक्रेट नवं होतं. डेव्हलपरने स्ट्राइपच्या कमांड लाइनच्या साधनाने आपल्या लॅपटॉपवर टेस्ट केलं असेल तर ते साधनही स्वतःचं एक सीक्रेट छापतं. ते फक्त त्या लॅपटॉपवर आलेल्या निरोपांपुरतं असतं. ते साइटवर चिकटवलेलं मला बरेचदा सापडलं आहे.

नोंद आधीच असेल तर तिच्यावर क्लिक करून गेलेल्या निरोपांची यादी उघडा. प्रत्येकासमोर तुमच्या सर्व्हरने काय कोड दिला ते असतं, आणि तो कोड वाचता आला की निम्मं निदान झालं.

३०१ किंवा ३०२ असेल तर पत्ता पुढे ढकलला जातोय. तुम्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय पत्ता दिलाय आणि साइट त्यासह उघडते, किंवा एचटीटीपी दिलाय आणि साइट एचटीटीपीएसवर नेते. ब्राउझर निमूट पुढे जातो म्हणून आपल्याला ते दिसत नाही. स्ट्राइप मात्र पुढे जात नाही, ती खेप अपयशी धरते. शेवटी जो पत्ता ब्राउझरच्या पट्टीत दिसतो तोच अक्षरशः द्या.

४०१ इथे दिसला तर तो तुमच्या सर्व्हरचा आहे, स्ट्राइपचा नाही: साइटसमोर पासवर्डची पेटी लावलेली आहे. ४०३ म्हणजे फायरवॉल, मग ती सुरक्षा प्लगिनची असो, होस्टिंगची असो वा क्लाउडफ्लेअरची. तिला तो निरोप बॉटसारखा दिसतो, आणि खरंच तो यंत्रानेच पाठवलेला असतो, तेव्हा तिची चूकही म्हणता येत नाही. वेबहुकच्या त्या एका पत्त्यापुरती सूट द्या, सगळी फायरवॉल उतरवू नका. ४०४, म्हणजे ‘पत्ता सापडला नाही’, बहुधा पर्मालिंकचा, म्हणजे साइटवरच्या पत्त्यांच्या रचनेचा. पर्मालिंकच्या पानावर जाऊन नुसतं ‘जतन करा’ दाबल्यानेही कधीकधी सुटतो. ५०३ म्हणजे ‘लवकरच येत आहोत’चं किंवा देखभालीचं प्लगिन चालू राहिलंय. तुम्ही लॉगिन असल्याने तुम्हाला साइट नीट दिसते, बाहेरच्याला बंद.

आणि सगळीकडे २०० किंवा २०४, म्हणजे ‘निरोप मिळाला’ असा कोड, दिसतंय, हिरवंगार आहे, तरी ऑर्डर हलत नाही, असं असेल तर? काही प्लगिनं सही जुळली नाही तरी मुद्दाम २०० च्या घरातला कोड देतात, नाहीतर स्ट्राइप तोच निरोप पुन्हापुन्हा पाठवत राहील. म्हणजे डॅशबोर्डच्या मते निरोप पोचला, आणि प्लगिनने तो घेऊन टोपलीत टाकला. खरी गोष्ट साइटवरच कळते. प्लगिनच्या सेटिंगमध्ये लॉगिंग चालू करा, मग वूकॉमर्समधल्या ‘स्टेटस’च्या पानावर ‘लॉग’ उघडा. ‘वेबहुकची पडताळणी अयशस्वी’ अशा अर्थाची ओळ दिसली की समजा, सीक्रेट चुकीचं. तुमच्या वर्णनावरून मला हीच ओळ दिसेल असं वाटतं. काम झालं की लॉगिंग बंद करायला विसरू नका, त्या फाइलमध्ये ग्राहकांचा तपशील साठत जातो.

सीक्रेट बरोबर असूनही सही जुळत नाही, अशी दुर्मीळ प्रकरणंही असतात. ती समजायला सही कशी बनते ते कळलं पाहिजे. स्ट्राइप निरोप पाठवतानाची वेळ आणि निरोपाचा कच्चा मजकूर जोडतं, त्यावर सीक्रेट वापरून एचमॅक-शा २५६ या पद्धतीने सही काढतं, आणि वेळेसकट हेडरमध्ये पाठवतं. तुमची साइट तेच गणित करून पडताळते. त्यामुळे मधल्या कुणी मजकुरात एका जागेचा जरी फरक केला, जेसन (निरोपातला मजकूर ज्या साच्यात असतो तो) उलगडून पुन्हा गुंडाळला, तरी सही मोडते. वेळ जोडण्याचं कारण असं, की कुणी जुना निरोप पकडून पुन्हा पाठवू नये. स्ट्राइपच्या लायब्ररी मुळात ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतात. सर्व्हरचं घड्याळ त्याहून जास्त चुकलं असेल तर खरे निरोपही शिळे ठरू शकतात. स्वस्त व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर, वेळ जुळवणारी सेवा बंद पडलेली असणं काही नवलाचं नाही.

अडकलेल्या ऑर्डर्सचं काय करायचं? घाईने रिफंड देऊ नका. लाइव्हमध्ये पोचवता न आलेला निरोप स्ट्राइप वाढत्या अंतराने ३ दिवसांपर्यंत पुन्हा पाठवत राहतं, त्यामुळे दुरुस्ती लवकर झाली तर ताज्या ऑर्डर्स आपोआप सुटतील. त्याआधीच्या किंवा ‘२०४’ने गिळलेल्या निरोपांसाठी डॅशबोर्डमधून ‘पुन्हा पाठवा’ दाबता येतं. रद्द झालेल्या ऑर्डर्स मात्र एकेक करून बघाव्या लागतील: डॅशबोर्डमधल्या पेमेंटच्या तपशिलात ऑर्डर क्रमांक असतो, रक्कम आणि ईमेल जुळवा, ऑर्डर ‘प्रक्रिया सुरू’वर न्या आणि पेमेंट आयडी ऑर्डरच्या टिपेत लिहून ठेवा. रद्द होताना तो माल साठ्यात परत गेलेला असतो आणि मधल्या काळात दुसऱ्याला विकला गेलेला असू शकतो, हेही बघा. रिफंड देण्याची वेळ खरोखर तिथेच येते.

आता कीज ठेवायच्या कुठे. प्लगिनच्या रकान्यात टाकलेली सीक्रेट की साधारणपणे डेटाबेसमध्ये उघड्या मजकुरातच असते. ठिपके फक्त पडद्यावर. म्हणजे ज्याच्या हाती डेटाबेसचा बॅकअप, त्याच्या हाती की. प्लगिन परवानगी देत असेल तर की मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये किंवा सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या साठवणाऱ्या साधनात, जाऊ देऊ नका, आणि बदल करण्याआधी म्हणून तिची नावाच्या शेवटी ‘डॉट बॅक’ जोडलेली प्रत त्याच फोल्डरमध्ये काढू नका. मूळ फाइल पीएचपी म्हणून चालते, ती प्रत साध्या मजकुरासारखी जगाला वाचायला मिळते, आणि तिच्या शोधात बॉट रात्रंदिवस फिरत असतात.

माझ्या मते याहून मोठा धोका स्टेजिंगचा, म्हणजे बदल करून बघण्यासाठी काढलेल्या साइटच्या प्रतीचा, आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. होस्टिंगच्या एका बटणाने लाइव्ह साइटची प्रत तयार होते, आणि डेटाबेससोबत लाइव्ह कीजही तिकडे जातात. आता तिथे डेव्हलपर ‘टेस्ट’ म्हणून रिफंडचं बटण दाबतो आणि खऱ्या माणसाला खरे पैसे जातात. सबस्क्रिप्शन असतील तर प्रत केलेली साइटही नूतनीकरण काढू पाहते. वूकॉमर्सचं सबस्क्रिप्शनचं एक्स्टेंशन साइटचा पत्ता बदललेला ओळखून स्वयंचलित पेमेंट थांबवतं, पण सगळीच प्लगिनं इतकी शहाणी नसतात. कीज डेटाबेसबाहेर ठेवण्याचा खरा फायदा इथेच आहे: डेटाबेसची प्रत निघाली तरी की सोबत जात नाही, स्टेजिंगच्या कॉन्फिगमध्ये टेस्टची ठेवली असेल तर तीच लागू होते.

स्ट्राइपमध्ये मर्यादित अधिकारांचीही की बनवता येते, ‘आरके’ने सुरू होणारी. प्लगिन ती स्वीकारत असेल तर चांगलंच, पण नेमके कुठले अधिकार लागतात ते त्याच्या माहितीपत्रात नसेल तर अंदाजाने काढू नका, एखादा अधिकार राहून जाईल आणि ते रिफंडच्या दिवशी कळेल. हिशेबाचं सॉफ्टवेअर, अहवाल काढणारी स्क्रिप्ट, अशांना मात्र कधीही पूर्ण की देऊ नका, वाचण्यापुरती द्या.

डेव्हलपरला कीज पाठवण्याची गरजच मुळात नसते. खातं मालकाच्या नावे, मालकाच्या ईमेलवर, दोन टप्प्यांच्या लॉगिनसह. आणि डेव्हलपरला टीममध्ये डेव्हलपरची भूमिका देऊन निमंत्रण. काम संपलं की प्रवेश काढायचा. खातं डेव्हलपरच्या ईमेलवर उघडलं असेल तर भांडण झाल्यावर की तर सोडाच, पैशांसाठीही हात पसरावे लागतात. आणि लाइव्ह सीक्रेट की व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने गेलीच असेल, तर ती फुटली असं धरून बदला.

बदलताना क्रम सांभाळा. स्ट्राइपमध्ये की ‘रोल’ करताना जुनी लगेच बंद करायची की थोड्या वेळाने, हे विचारलं जातं. की फक्त चॅटवर फिरली असेल तर थोडा अवधी ठेवा: नवी की प्लगिनमध्ये टाका, एक पेमेंट करून बघा, तीच की दुसरीकडे कुठे वापरली आहे का ते डॅशबोर्डमधल्या विनंत्यांच्या नोंदीत पाहा, मग जुनी बंद. पण खात्यात अनोळखी रिफंड दिसत असतील तर अवधी वगैरे नको, लगेच बंद करा. दुकान दहा मिनिटं थांबलं तर थांबलं. लाइव्ह सीक्रेट की बनवताना एकदाच दिसते, त्यामुळे ती दिसताक्षणी पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा आणि मगच पान बंद करा. वेबहुकचं सीक्रेटही असंच बदलता येतं, आणि तिथे जुनं २४ तासांपर्यंत सोबत चालू ठेवता येतं. खातं कुणाच्या हाती गेलं होतं असा संशय असेल तर वेबहुकच्या यादीत आपला नसलेला पत्ता नाही ना, तेही बघा. की बदलली तरी तो पत्ता तुमच्या ऑर्डर्सची खबर घेत राहतो.

हल्ली अनेक प्लगिनांत कीजचे रकाने जाऊन ‘कनेक्ट’चं बटण आलंय. ते असेल तर तेच वापरा. लॉगिन करून परवानगी दिली की कीज आपोआप येतात, चिकटवण्याच्या सगळ्या खोड्या टळतात. वेबहुकही बहुधा तेच नोंदवतं, पण ‘बहुधा’च; डॅशबोर्डमध्ये जाऊन एकदा डोळ्यांनी बघा. साइटचा पत्ता बदलल्यावर आणि नव्या सर्व्हरवर हलवल्यावर तर नक्कीच. जुन्या पत्त्याची नोंद तशीच राहिली असेल तर ती काढा.

सगळं जुळवून झालं की तपासणी नेहमीच्या सरळ मार्गाने करू नका, तो मार्ग वेबहुकशिवायही चालतो हे वर आलंच आहे. आधी टेस्टमध्ये ४२४२ चारदा लिहून होणारं नेहमीचं कार्ड सोडून ४००० ००२७ ६००० ३१८४ हे कार्ड घ्या. त्याला दर वेळी पडताळणीचं पान येतं. पडताळणीला होकार द्या आणि साइटवर परत यायच्या आत टॅब बंद करा. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये ऑर्डर उघडा. मिनिटाभरात ती स्वतःहून ‘प्रक्रिया सुरू’वर गेली तर दुसरी दिशाही जोडली गेली. त्यानंतर लाइव्हमध्ये स्वतःच्या कार्डाने लहानशी खरी खरेदी करून हेच पुन्हा करा, आणि तिचा रिफंड साइटवरून न देता स्ट्राइपच्या डॅशबोर्डमधून द्या. ऑर्डरमध्ये रिफंडची टीप आपोआप उमटली पाहिजे. रिफंड दिला तरी स्ट्राइप आपलं शुल्क परत देत नाही, म्हणून रक्कम लहान ठेवा.

एवढं करूनही टॅब बंद केलेली ऑर्डर अडकलीच, तर होस्टिंगवाल्याला किंवा प्लगिनच्या मदत कक्षाला लिहिताना तीन गोष्टी द्या: डॅशबोर्डमधला त्या इव्हेंटचा आयडी आणि त्यासमोरचा कोड, त्याच मिनिटाची साइटच्या लॉगमधली ओळ, आणि नोंदवलेला वेबहुकचा पत्ता. कीचा स्क्रीनशॉट कुणी मागितला तर देऊ नका. शेवटची चार अक्षरं सांगितली तरी त्यांचं काम भागतं.